एकाच पावसाखालच्या वाटा

बेंगळुरूच्या उपाहारगृहांत रवा इडली इतकी रुळली आहे की ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असावी, असे कुणालाही वाटेल. खरे तर तिला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. १९२४ साली सुरू झालेल्या आणि पुढे 'एमटीआर' म्हणून नावारूपाला आलेल्या उपाहारगृहात ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पहिल्यांदा वाफवली गेली, असे त्या घराण्याचे लोक सांगतात. मार्च १९४२ मध्ये जपानी फौजांनी रंगून घेतले. ब्रह्मदेशातून बंगालच्या उपसागरावरून हिंदुस्थानात येणारा तांदूळ थांबला आणि भातावर जगणाऱ्या दक्षिणेला त्याची झळ लगेच लागली. इडलीला पुरेसा तांदूळ मिळेना. मग भाजलेला रवा दह्यात भिजला, त्यावर मोहरीची फोडणी पडली आणि तो इडलीच्या साच्यात गेला. एका परक्या बंदराच्या पाडावाची खूण बेंगळुरूच्या न्याहारीत अशी कायमची राहून गेली.

ही गोष्ट चातुर्याची म्हणून सांगितली जाते. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तांदळाची जागा ज्या गव्हाने घेतली, तो वेगळ्या हंगामाचा, वेगळ्या मुलखातला आणि वेगळ्या वाटेने येणारा होता. तो रब्बीत पिकायचा, उत्तरेच्या मैदानातून आगगाडीने यायचा, त्यामुळे समुद्र बंद झाला म्हणून त्याचे काही अडत नव्हते. मूळ वाट बुडाली तेव्हा पर्याय तिच्याबरोबर बुडाला नाही. शहराच्या अन्नपुरवठ्याची मजबुती जोखायची तर हीच कसोटी लावावी, असे माझे मत आहे. आणि या कसोटीवर आजचे बेंगळुरू कुठे उभे आहे, हे पाहिले की काळजी वाटते.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८४ लाखांच्या आसपास होती. आता ती सव्वा कोटीच्या पुढे गेल्याचे अंदाज आहेत. या सगळ्यांचे ताट भरते कुठून? कांदा येतो नाशिक, नगर, सोलापूरकडून आणि चित्रदुर्ग, गदग, बागलकोट, विजापूर या उत्तरेच्या जिल्ह्यांतून. तो यशवंतपूर आणि दासनपुरा इथल्या बाजार समित्यांत उतरतो. बटाटा काही महिने हासनचा, एरवी आग्रा-इंदूरकडचा. सोना मसुरी तांदूळ तुंगभद्रेच्या लाभक्षेत्रातला, सिंधनूर-गंगावतीच्या गिरण्यांतला. तूरडाळ कलबुर्गीची, आणि ती कमी पडली की म्यानमारची किंवा मोझांबिकची. टोमॅटो आणि पालेभाज्या कोलार, चिक्कबळ्ळापूर, होसूर पट्ट्यातल्या. मासे मंगळूर आणि मालपेहून घाट चढून येतात. तेल मुख्यतः सूर्यफुलाचे, आणि ते थेट काळ्या समुद्राच्या काठावरून. दूध तेवढे जवळचे, सहकारी संघांचे, 'नंदिनी'च्या पिशवीतले.

यादी वाचून वाटते, किती विविधता! एक वाट अडली तर दहा मोकळ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये काय झाले ते पाहिले की हा भरवसा डळमळतो.

मराठी वाचकाला तो आठवडा वेगळा सांगायला नको. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. लोकांच्या तोंडी अजूनही 'एनएच-फोर' असलेला हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ४८ म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्र आणि गुजरातमधून कर्नाटकात उतरणाऱ्या मालाची ती मुख्य धमनी. पाण्याच्या दोन्ही बाजूंना हजारो मालमोटारी खोळंबल्या. कांद्याच्या गोण्या ताडपत्रीखाली तापत होत्या, औषधांच्या गाड्या अडकल्या होत्या, इंधन संपत चालले होते. इकडे गोकुळचे दूधसंकलन थांबले आणि मुंबई-पुण्यात दुधाची टंचाई झाली. आपल्या वर्तमानपत्रांत ती बातमी आली. त्याच पाण्याने बेंगळुरूकडे जाणारा मालही अडवला होता, याची दखल मात्र आपल्याकडे फारशी घेतली गेली नाही. पूर हा कोल्हापूर-सांगलीचा, आणि बेंगळुरू तिथून सुमारे सहाशे किलोमीटर लांब. पण शिरोलीच्या पुलाजवळची सखल जमीन हा त्या शहराच्या स्वयंपाकघराचा एक उंबरठाच आहे.

आता त्याच आठवड्यात बाकीच्या वाटांवर काय चालले होते ते पाहू. बेळगाव जिल्हा पुरात होता. किनाऱ्यावरून घाट चढणाऱ्या चार्माडीच्या रस्त्यावर इतक्या दरडी कोसळल्या की तो पुढे बराच काळ जड वाहनांना बंद राहिला. सकलेशपूर ते सुब्रह्मण्य या घाटातला मंगळूरचा लोहमार्ग दरडींनी बंद. दक्षिणेला वायनाड आणि मलप्पुरममध्ये डोंगर खचून माणसे गाडली गेली आणि केरळकडचे रस्ते तुटले. नकाशावर या चार वेगवेगळ्या वाटा आहेत. पण अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीला थडकणारे नैऋत्य मोसमी वाऱ्यांचे ढग एकच असतात. पश्चिमेकडच्या सगळ्या वाटा त्याच एका डोंगररांगेतून उतरतात किंवा तिच्यातून निघालेल्या नद्या ओलांडतात. एक बुडते तेव्हा दुसरी मोकळी राहील, याची खात्री देता येत नाही. उलट त्या एकदमच बुडण्याची शक्यता अधिक.

कांद्याचे पुढचे प्रकरण त्याच वर्षीचे. त्यासाठी कांद्याचे वेळापत्रक समजून घ्यायला हवे. नाशिक भागातला उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, चाळीत पाच-सहा महिने टिकतो आणि देश त्यावर पावसाळा काढतो. सप्टेंबरपासून चाळी रिकाम्या होऊ लागतात. तेवढ्यात चित्रदुर्ग-गदगचा कोरडवाहू खरीप कांदा बाजारात येतो आणि मागोमाग महाराष्ट्राचा लाल कांदा. खरिपाच्या कांद्यात पाणी जास्त, तो साठवता येत नाही. म्हणजे दर शरद ऋतूत काही आठवडे असे असतात की मागचा साठा संपलेला आणि नवा माल शेतातच. सगळी भिस्त पाऊस वेळेवर थांबण्यावर. २०१९ मध्ये तो थांबला नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर दोन्ही राज्यांत पडत राहिला, कांदा जमिनीतच सडला, चाळीतला भिजला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरूत कांदा किलोला २०० रुपयांवर पोहोचला. बेंगळुरूला कांद्याचे दोन मोठे स्रोत आहेत, ही गोष्ट खरीच होती. पण दोन्ही शेतांवर तोच पाऊस पडला.

केंद्राने २९ सप्टेंबरला निर्यात बंद केली होती, पुढे इजिप्त-तुर्कस्तानचा कांदा मागवला. तो पोहोचेपर्यंत इथला नवा माल यायला लागला. परदेशी कांद्याला तिखटपणा नव्हता, राज्यांनी तो उचलायला नकार दिला आणि बंदरावर बराच सडला. या सगळ्यात भरडला गेला तो 'बेंगळुरू गुलाबी' कांदा. चिक्कबळ्ळापूर, कोलार आणि बेंगळुरू ग्रामीणमध्ये पिकणारा हा लहान, गडद रंगाचा कांदा भौगोलिक मानांकन मिळालेला आहे, आणि तो बेंगळुरूच्या घरांत जवळजवळ खाल्लाच जात नाही. तो मलेशिया, सिंगापूर, श्रीलंकेच्या बाजारांसाठी पिकवला जातो. निर्यातबंदीने त्याचा एकमेव बाजार बंद झाला आणि शहरातल्या भावाला त्याचा कवडीचाही उपयोग झाला नाही. शेतकऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर त्याला वेगळी सवलत द्यावी लागली. २०२० च्या निर्यातबंदीत आणि २०२३ च्या निर्यातशुल्कात पुन्हा तेच घडले. घाईत ओढलेला लगाम कुणाच्या तोंडाला बसतो हे न पाहता तो ओढायची आपल्याकडे सवय झाली आहे, आणि तिची किंमत प्रत्येक वेळी शेतात चुकवली जाते.

'लांबच्या मालाचे असेच होणार, जवळचे खा,' असे यावर सांगितले जाते. या सल्ल्यात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे, हे टोमॅटोने दाखवले. कोलारची बाजार समिती बेंगळुरूपासून जेमतेम सत्तर किलोमीटर. देशातल्या सर्वांत मोठ्या टोमॅटो बाजारांपैकी ती एक. २०२३ च्या उन्हाळ्यात भाव इतके पडले होते की शेतकऱ्यांनी लागवड कमी केली. मार्च-एप्रिलच्या उष्णतेने फुले गळाली, पर्णगुच्छ विषाणूने उरलेले पीक खाल्ले. त्यातच उत्तरेतले टोमॅटो पावसाने गेले आणि तिकडचे व्यापारी कोलारला आणि आपल्या नारायणगावला आले. १५ किलोचे क्रेट लिलावात दोन हजार रुपयांच्या वर गेले. शेजारच्या जिल्ह्यात पिकूनही बेंगळुरूकराला टोमॅटो स्वस्त मिळाला नाही, कारण त्या टोमॅटोवर दिल्लीचाही हक्क होता. ऑगस्टमध्ये सरकारने नेपाळहून टोमॅटो आणला. शेत जवळ असणे आणि माल हाती येणे यांत लिलावाचा ओटा असतो.

तेलाची कहाणी याहून लांबची आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकी. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. कर्नाटकात सूर्यफुलाच्या तेलाची सवय खोल रुजली आहे, आणि देशात येणाऱ्या त्या तेलापैकी बहुतेक युक्रेन आणि रशियाचे. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. काळ्या समुद्रातली बंदरे बंद झाली. दोन-तीन आठवड्यांत बेंगळुरूच्या दुकानांत तेलाच्या पिशव्यांचे भाव चढले, छोट्या खाणावळींनी तळणीचे पदार्थ कमी केले. मग साहजिकच सारे पामतेलाकडे वळले. सगळ्या जगाने एकाच वेळी तेच केले. इंडोनेशियात घरच्या बाजारात पामतेल महागले, आणि २८ एप्रिलला त्या सरकारने निर्यातच बंद केली; ती २३ मेपर्यंत बंद राहिली. पहिल्या वाटेवरची गर्दी दुसरीवर गेली आणि तिच्या भाराने दुसरीही बसली. इथे पाऊस एक नव्हता, समुद्रही एक नव्हता. तरी बाजार एकच होता. पुढे २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर काळ्या समुद्राकडून सुएझमार्गे येणारे तेल पुन्हा अडचणीत आले आणि अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. लंडनच्या चॅटम हाउस संस्थेने २०१७ सालीच जगाच्या धान्यव्यापाराची अशी अरुंद नाकी मोजून दाखवली होती: सुएझ, पनामा, तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्या, मलाक्का. तेव्हा तो अहवाल अभ्यासकांपुरता राहिला.

या तेलाला घरचा पर्याय होता. बेंगळुरूच्या वायव्येला चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरे नावाचे गाव आहे. भुईमुगाच्या तेलगिरण्यांमुळे लोक त्याला 'तेलनगरी' म्हणत. सूर्यफुलाच्या लागवडीतही कर्नाटक देशात पुढे होते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या तेलबिया अभियानाने देश काही वर्षे तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९४ पासून पामतेलाची आयात खुली होत गेली, स्वस्त तेलापुढे कोरडवाहू तेलबिया परवडेनाशा झाल्या, शेतकरी मक्याकडे वळला, गिरण्या मंदावल्या. स्वस्त तेलाने गरिबाच्या घरात फोडणी परवडू लागली, हेही खरे आणि ते नाकारू नये. पण एकदा शेतकऱ्याने बियाणे बदलले आणि गिरणीने यंत्रे विकली की युद्धाच्या तिसऱ्या आठवड्यात तो पर्याय परत उभा करता येत नाही.

इथे जरा मागे जाऊ, कारण बेंगळुरूच्या भूमीवर हा धडा एका मोठ्या फौजेने उपाशीपोटी गिरवला आहे, आणि त्यात मराठ्यांचा मोठा भाग आहे. १७९१ च्या सुरुवातीला लॉर्ड कॉर्नवॉलिस मद्रासकडून घाट चढून म्हैसूरच्या पठारावर आला. २१ मार्चला त्याने बेंगळुरूचा किल्ला घेतला आणि मे महिन्यात श्रीरंगपट्टणावर चाल केली. टिपूने वाटेवरची वैरण जाळली होती, धान्य हलवले होते. १५ मेला अरकेरेजवळ कॉर्नवॉलिसने लढाई जिंकलीसुद्धा. पण तोपर्यंत तोफा ओढणारे बैल हजारांनी मेले होते, छावणीत भूक होती, रोगराई होती, पाऊस सुरू झाला होता. जिंकलेल्या सेनापतीला जड तोफा स्वतःच्या हाताने निकामी करून परत फिरावे लागले. त्याची सारी रसद पूर्वेच्या एकाच बाजूने, मद्रासकडच्या मैदानातून घाट चढून येत होती.

माघारीच्या वाटेवर, मे महिन्याच्या अखेरीस, मेलुकोटेजवळ त्याला घोडेस्वार दिसले. आधी शत्रूच वाटला. ती त्याच्या मित्रपक्षाची, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज होती. परशुरामभाऊंनी कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर एप्रिलमध्ये धारवाड घेतले होते; मराठे उत्तरेकडून आले होते. त्यांच्या छावणीबरोबर चालणारा बाजार मालाने भरलेला होता. त्यात धान्य होते, वैरण होती, कापड होते, सराफही होते. भाव चढे लावले, असे इंग्रजांनी लिहून ठेवले आहे. पण पैसे मोजून अन्न मिळत होते, आणि त्या आठवड्यात एवढेच हवे होते. ही रसद टिकली कारण ती टिपूने जाळलेल्या मुलखातून आली नव्हती. तिच्यामागे लमाणांचे तांडे होते. लमाणांच्या बैलांना बांधलेला रस्ता लागत नसे, ते वाटेत चरत जात, पाण्याप्रमाणे दिशा बदलत. दोन्ही बाजूंच्या फौजा त्यांना शक्यतो धक्का लावत नसत, कारण दोघांनाही तेच धान्य पुरवत. वाहतूक मंद होती, महाग होती, पण एका पुलावर अडकणारी नव्हती.

पुढच्या शतकात आगगाडी आली. १८६४ मध्ये बेंगळुरू जोलारपेटमार्गे मद्रासच्या लोहमार्गाला जोडले गेले. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात मद्रासहून धान्य बेंगळुरूच्या स्थानकापर्यंत येत होते. पुढे लोहमार्ग नव्हता, आणि गाड्या ओढणारे बैल दुष्काळात मेलेले. १८७१ मध्ये म्हैसूर संस्थानाची लोकसंख्या पन्नास लाखांहून थोडी अधिक होती. १८८१ च्या गणनेत ती बेचाळीस लाखांच्या आत आली. मुख्य मार्ग वेगवान झाला म्हणून शेवटच्या गावात अन्न पोहोचत नाही, हे इतक्या भयंकर रीतीने फार थोड्या ठिकाणी सिद्ध झाले असेल.

आज परिस्थिती नेमकी उलटी झाली आहे. बेंगळुरूत शेवटचे दोन-तीन किलोमीटर अतिशय वेगवान झाले. स्विगी इथे सुरू झाली, बिगबास्केट इथे सुरू झाली. मोबाइलवर कोथिंबिरीची जुडी मागवली की दहा-पंधरा मिनिटांत दाराशी येते. ज्या छोट्या गोदामांतून ती निघते तिथे जागा कमी, साठा थोडा, आणि तो सतत भरत राहावा लागतो. त्या गोदामामागे मात्र तीच यशवंतपूरची आवक आहे, तोच शिरोलीचा पूल, तोच मंगळूरकडचा घाट. वेगामुळे घरातला साठाही कमी झाला. महिन्याचा किराणा भरणारे घर आता दिवसाचा मागवते. पूर्वी शहराचा मोठा साठा लाखो घरांच्या डब्यांत विखुरलेला असे. तो कुणाच्या हिशोबात नसे, पण आठवडाभर रस्ता बंद पडला तर तोच शहराला तारून नेत असे. ही सोय गेल्याचे दुःख मला खरोखर वाटते, आणि ती परत आणणे सगळ्यांत स्वस्त आहे.

मार्च २०२० मध्ये या नव्या व्यवस्थेची पहिली परीक्षा झाली. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि पहिल्या काही दिवसांत ऑनलाइन किराणा जवळजवळ थांबला. जीवनावश्यक मालाच्या गाड्यांना कागदोपत्री परवानगी होती. पण महामार्गावरचे ढाबे बंद होते, पंक्चरची दुकाने बंद होती, माल उतरवणारे हमाल गावी निघाले होते, चालकाला वाटेत पोलीस अडवतील याची भीती होती. मालमोटारीला मुभा मिळाली आणि तिला हलवणाऱ्या माणसांच्या जेवणाची कुणी सोय पाहिली नाही. सरकारी आदेशांत 'माल' हा शब्द होता. चालक, क्लीनर, हमाल, अडत्याचा मुनीम यांची आठवण उशिरा झाली. गर्दी टाळण्यासाठी कलासिपाळ्यचा भाजीबाजार शहराबाहेर सिंगेना अग्रहारला हलवला गेला. त्या दिवसांत जिची जुनी टपरीवजा दुकाने मोहल्ल्या-मोहल्ल्यांत होती, ती हॉपकॉम्ससारखी सहकारी संस्था लोकांच्या जवळ होती. १९५९ मध्ये डॉ. एम. एच. मरिगौडा यांच्या पुढाकाराने द्राक्षबागायतदारांची संस्था म्हणून ती सुरू झाली. शेतकऱ्याकडून थेट घ्यायचे आणि ठरल्या भावाने विकायचे, ही तिची रीत. तिची दुकाने अलीकडे कमी होत चालली आहेत. महापालिकेने आणि राज्याने ती नफ्याच्या हिशोबात न मोजता अग्निशमन केंद्रासारखी सांभाळावीत, असे मी म्हणेन.

रस्ते अडवणारा पाऊस तरी ऋतूने येतो. माणसे रस्ता अडवतात तेव्हा ऋतू लागत नाही. १२ सप्टेंबर २०१६ ला कावेरीच्या पाण्यावरून बेंगळुरू पेटले, तमिळनाडूच्या बसगाड्या आणि मालमोटारी जाळल्या गेल्या आणि होसूरची वाट बंद झाली. ६ डिसेंबर २०२२ ला सीमाप्रश्नावरून बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या मालमोटारींवर दगडफेक झाली. भाषेचा अभिमान आपल्या घरात असू द्यावा. मालमोटारीच्या काचेवर दगड मारणारा मात्र स्वतःच्याच शहराच्या भाजीवर तो मारत असतो, हे दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी मोठ्याने सांगायला हवे होते.

तांदळाचे पुढचे दोन प्रसंग थोडक्यात. जून २०२३ मध्ये कर्नाटक सरकारला 'अन्नभाग्य' योजनेत माणशी पाच किलो जादा तांदूळ द्यायचा होता. त्याच महिन्यात केंद्राने अन्न महामंडळाच्या खुल्या विक्रीतून राज्यांना तांदूळ देणे थांबवले. पैसे तिजोरीत होते, इतर राज्यांकडे विचारणा झाली, पण एवढा तांदूळ एकदम कुठे मिळेना. शेवटी किलोला ३४ रुपये या हिशोबाने माणशी १७० रुपये खात्यात जमा केले गेले. पुढच्या वर्षी, १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री, तुंगभद्रा धरणाच्या एकोणिसाव्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. धरण जवळजवळ भरलेले होते. त्या पाण्यावर रायचूर-कोप्पळ-बळ्ळारीची भातशेती, म्हणजे बेंगळुरूचा भात. अनुभवी अभियंते आणि कामगारांनी वाहत्या पाण्यात आठवडाभरात तात्पुरता दरवाजा बसवून बरेच पाणी वाचवले. हे काम असामान्य होते. पण तेहतीस दरवाजांपैकी एकाची साखळी झिजली आणि एवढ्या मोठ्या प्रदेशाचे पीक टांगणीला लागले, याची चर्चा पाणी ओसरल्यावर थांबायला नको होती.

मग मजबूत पर्याय कोणता? मला नाचणीकडे पाहावेसे वाटते, आणि ते भावनेपोटी नाही. तुमकूर, रामनगर, कोलार, हासन या बेंगळुरूभोवतीच्याच जिल्ह्यांत ती पिकते. भाताच्या मानाने तिला फार थोडे पाणी लागते. दाणा इतका बारीक आणि टणक की कीड सहसा लागत नाही. कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. जुन्या म्हैसूर प्रांतात ती जमिनीखालच्या पेवांत साठवत, कन्नडमध्ये त्यांना 'हगेवु' म्हणतात. आपल्याकडच्या ज्वारीच्या पेवांचीच ही भावंडे. विसाव्या शतकात डॉ. सी. एच. लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून 'इंडाफ' वाण काढले आणि उत्पादन कितीतरी वाढवले. लोकांनी त्यांना 'रागी ब्रह्म' म्हटले. आज राज्य सरकार हमीभावाने नाचणी घेते आणि दक्षिण कर्नाटकात ती शिधापत्रिकेवर देते. ही खरेदी वाढवून काही साठा दोन-तीन वर्षांसाठी बाजूला ठेवता येईल. काळ्या समुद्रात काय चालले आहे, पंचगंगेला किती पाणी आहे, याचा त्या साठ्यावर परिणाम होणार नाही.

रस्त्यांनाही हीच कसोटी लावावी. शिरोली बुडाली की मालमोटारी सोलापूर-विजापूर-होसपेट-चित्रदुर्ग या पूर्वेच्या वाटेने वळतात. ती लांब पडते, पण दुष्काळी पट्ट्यातून जाते. तिथला पूर बहुधा जुलै-ऑगस्टचा नसतो, परतीच्या पावसाचा असतो: सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने वडकबाळजवळ तीच वाट अडवली होती, तेव्हा शिरोलीचा रस्ता चालू होता. दोन वाटा वेगवेगळ्या महिन्यांत बुडतात, ही बेंगळुरूसाठी फार मोलाची गोष्ट आहे. पूर्वेच्या वाटेची निगा पर्यायी मार्ग म्हणून राखली पाहिजे. तिथल्या पुलांची उंची, इंधन पंप, चालकांच्या विसाव्याच्या जागा यांवर खर्च व्हायला हवा.

पुणे-बेंगळुरू हा सुमारे ७०० किलोमीटरचा नवा द्रुतगती मार्ग आखला जात आहे. तो जुन्या महामार्गाच्या पूर्वेने, सातारा-सांगलीच्या कोरड्या तालुक्यांतून, बेळगाव, बागलकोट, गदग, कोप्पळ असा जाईल. प्रवासाचे किती तास वाचतील यावर सगळी जाहिरात चालली आहे. पण त्याला बेळगाव-बागलकोटच्या बाजूला कृष्णेचे खोरे ओलांडावे लागणार, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी कृष्णेला मिळून त्याच खोऱ्यात पसरले होते. म्हणून आराखडा करणाऱ्यांना आधी हे विचारायला हवे: कृष्णेवरचा पूल २०१९ च्या पातळीच्या किती वर असेल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता मातीच्या भरावावर असेल की खांबांवर?